ओल्याचा डबा

सोसायटीच्या बैठकीत मला एकमतानं निवडलं,
म्हणजे दुसऱ्या कुणीच हात वर केला नाही.
तेव्हापासून मागच्या अंगणातला तपकिरी डबा माझा.
झाकणावर मी ठळक अक्षरांत लिहिलं :
प्लॅस्टिक नको. राख नको.
मांजराची वाळू तर मुळीच नको
(हे हिल्काबाईंसाठी, नाव न घेता).

सप्टेंबरात जोएन्सूभर सफरचंदं पडतात.
बादल्याच्या बादल्या ओतून जातात माणसं,
डबा इतका जड की गाडीचा हात वर उचलत नाही,
आणि अंगणभर आंबूस वास, झिंगलेल्या माश्या.
मी दारोदार सांगितलं : सफरचंदं वेगळी, बर्चची पानं वेगळी,
कॉफीचा चोथा फिल्टरसकट चालेल.
सगळे हो म्हणाले.
इथं सगळेच हो म्हणतात, आणि दार लावून घेतात.

फक्त एकाचं काम चोख.
वर्तमानपत्राची पुडी,
कोपरे आत दुमडलेले, दोरा नाही, चिकटपट्टी नाही,
जुन्या वाण्यानं बांधावी तशी.
मी मनात त्याला दहापैकी दहा दिले.

मग एक पुडी फाटली.
आत उकडलेला बटाटा, अख्खा.
सामन माशाचा तुकडा, काटाही न लागलेला.
शेपूची काडीसुद्धा वर ठेवलेली, वाढताना ठेवतात तशी.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. गुरुवारी वाटाण्याचं सूप, घट्ट, थिजलेलं,
वाडगाभर बरोबर.

माझं डोकं फिरलं.
ताटातलं अन्न टाकणारा हा कोण लागून गेला?
कागद सरळ करून पाहिला, नावासाठी.
नाव नव्हतं. शब्दकोडं होतं.
आडवे शब्द निळ्या शाईत.
उभ्यांना हात लावलेला नाही.
आडवे सगळे आले की उभे आपोआप भरतात, खरंय,
पण त्याला आडवे तरी सगळे कुठं येत होते?
मधली अक्षरं वरून यायची होती.

ब जिन्यातले ओइवा आणि आउने.
बाकावर एक पेपर, दोन पेनं :
आडवे त्याचे, उभे तिचे.
जूनमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून फुलं नेली होती,
नंतर कॉफी झाली, दालचिनीचे पाव,
आणि मी पुन्हा डब्याकडे लक्ष द्यायला लागले.

"अन्न वाया घालवू नका" अशी पाटी लिहून तयार होती.
फाडली.
कागदाच्या डब्यात टाकली, अर्थातच.

जानेवारीत उणे सव्वीस.
ओला कचरा डब्याला आतून दगडासारखा धरतो.
गाडीवरची मिर्या डबा उलटा करते, हलवते, आपटते,
आणि भरलेलाच परत ठेवते.
मी फावड्यानं ठोकत होते, तर ओइवा आला,
बर्फ फोडायची पहार घेऊन.
अर्धा तास आम्ही आळीपाळीनं ठोकलं.
सालं, चोथा, नाताळच्या सुरणासारख्या कंदाची टरफलं,
आणि त्याच्या पुड्या, एकावर एक, गोठलेल्या,
तारखा वाचता येतील अशा.
त्यानंही पाहिल्या. मीही.

"पातेलं लहान घ्यायला पाहिजे," तो म्हणाला.
"दुकानात मिळतात," मी म्हणाले.
"मिळतात."

एवढंच. पहार खांद्यावर टाकून तो गेला.

एप्रिलमध्ये डबा सुटला.
मिर्यानं उलटा केला तेव्हा
अख्खा हिवाळा एका धप्प आवाजात गाडीत पडला,
मी नाकाला रुमाल लावला, तरी बरं वाटलं.

या मंगळवारी पुडी नेहमीच्या जागी.
हातात घेतली. हलकी होती,
किंवा मला वाटली.
उघडली नाही.
वरच्या घडीवर पेन्सिलीनं एक उभा शब्द,
खोडलेला, पुन्हा लिहिलेला,
आणि माझ्या मते, चुकीचा.